एक बिंदू हलत नाही

आमच्या अखंड सरांना कुठलीही योजना सांगितली की ते डोळे मिटायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना झोप लागली. तसं नसे. ती योजना ते मनातल्या मनात चालू करून सोडून देत आणि कुठं बंद पडते ते बघत बसत. मग डोळे उघडून विचारत, "हे अखंड हाय का?" स्टाफरूमच्या चहापासून कारखान्याच्या उपसा सिंचनापर्यंत सगळ्यांना हा एकच प्रश्न. त्यावरून नाव पडलं अखंड सर. खरं आडनाव मस्टरवर होतं, ते तिथंच राहिलं.

प्रश्न ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण त्यानं भल्याभल्यांची पंचाईत केलेली मी पाहिली आहे. प्राचार्यांनी एकदा स्टाफरूमचा माठ भरायची पाळी लावली. आज ज्यानं भरला त्यानं उद्या पुढच्याला आठवण करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, रजेवर असलेल्या माणसापासून सुरू करून बघा. प्राचार्य म्हणाले, रजेवरच्या माणसापासून कशाला सुरू करायचं? सर म्हणाले, सोयीच्या जागेपासून सुरू केलं तर काय, सगळंच चालतं. आठवडा संपायच्या आत माठ कोरडा पडला आणि प्राचार्यांनी त्याचा राग सरांवर काढला.

पांढरा शर्ट, खिशात खडूचे तुकडे. दुष्काळात फळा ओल्या फडक्यानं पुसायची चैन राहिली नाही, तेव्हापासून कोरड्या डस्टरच्या धुळीनं ते संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत. माझ्या डब्यातला ठेचा न विचारता खात आणि वर सांगत, मॅडम, मीठ कमी हाय. गेलेल्या माणसावर लिहिताना असल्या गोष्टी गाळायची पद्धत आहे. मी गाळणार नाही. ठेचा माझा होता.

आमचं कॉलेज नांदूरघाटाच्या अलीकडं, माळावर. साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, तेच गावच्या सोसायटीचे मार्गदर्शक, आणि आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणत असू. मी तिथं रसायनशास्त्र शिकवत होते. रसायनशास्त्राला किती पाणी लागतं हे मला त्या दुष्काळात नीट कळलं. काचसामान धुवायला थेंब नाही, म्हणून प्रयोग बंद. वनस्पतिशास्त्राची बाग जळून गेली, ते लोक वाळक्या पानांवर शिकवू लागले. कारखान्याचं गाळपच नव्हतं तिथं आमचं काय घेऊन बसलात! चालू राहिलं एकटं गणिताचं खातं. त्याला खडू लागतो, आणि खडू काही पाण्यावर पिकत नाही. मला काम नव्हतं, म्हणून मी सरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. पंखा त्या खोलीत बरा होता, हेही एक कारण.

सरांचं घर धनगराचं. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. त्यामुळं त्यांचं सगळं गणित माळावरून चालायचं. काही बहुपदी समीकरणं मांडायची, संमिश्र संख्यांमधली त्यांची सगळी उत्तरं एकत्र करायची, की एक आकार तयार होतो. सर त्याला माळच म्हणत. या माळावर जागोजागी बाण रोवलेत असं समजा. शेळीनं आपल्या पायाखालचा बाण बघायचा, तो दाखवेल तिकडं जायचं, आणि बाण जितका लांब तितकं जोरात जायचं. आता काही मांडण्यांत बाण असे काही लांब होत जातात की शेळी पळते, आणखी पळते, आणि ज्या माळाला शेवट नाही तो माळ दुपारच्या आत संपवते. "मग संध्याकाळी शेळी हुडकायची कुठं?" सर फळ्यासमोर हताश उभे राहून विचारायचे, जणू शेळी त्यांचीच गेली. अशी मांडणी वाया गेलेली. जिच्यात कुठल्याही जागेपासून निघालेली शेळी कुठल्याही वेळी माळावरच सापडते, ती मांडणी अखंड. पुस्तकात तिला संपूर्ण सदिश क्षेत्र म्हणतात, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं शेळ्या राखल्या नसाव्यात.

या गणितात काळसुद्धा संमिश्र असतो. म्हणजे तो नुसता पुढं-मागं जात नाही, आडवाही जातो. हा आडवा काळ माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. सरांना तसं सांगितलं तर ते खिडकीकडं बघून म्हणाले, औंदा समजायला सोपं हाय. बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली होती, सकाळी होती तशीच.

एकदा मी विचारलं, हे सगळं करून मिळतं काय? सर म्हणाले, सममिती. मांडणी अखंड असली की सगळ्या शेळ्या एकदम घटकाभर चालू द्यायच्या. घटकेनंतर बघाल तर माळ तसाच भरलेला, एक जागा रिकामी नाही, एका जागी दोन शेळ्या नाहीत. सगळं हललं आणि काहीच बदललं नाही. मी म्हटलं, म्हणजे आपल्या कारखान्याची निवडणूक. दर वेळी सगळे संचालक एकेक खुर्ची सरकतात आणि मंडळ तेच. मला वाटलं हसतील. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "न्हाई मॅडम. तिथं एक खुर्ची हलत न्हाई."

आता खरी भानगड सांगते. विज्ञान शाखेची मान्यता पुढं चालू ठेवायची की नाही हे ठरवायला तपासणी समिती येणार होती. प्रयोगशाळा कोरड्या, मुलं निम्मी कामाच्या शोधात घराबाहेर. शाखा वाचायची तर निदान एक तरी पीएच.डी. झालेला माणूस दाखवायला हवा होता, आणि शाखेत प्रबंध सादर केलेला माणूस एकच, अखंड सर. शाखा गेली असती तर आम्हा शिकवणाऱ्यांचं काहीतरी झालंच असतं. पण माझ्या वर्गात आसपासच्या खेड्यांतल्या मुली होत्या. त्यांना बीडला ठेवायला घरचे तयार नव्हते. त्यांच्यासाठी शास्त्र म्हणजे आमची ती माळावरची इमारत, दुसरं काही नाही. एवढं सगळं सरांच्या प्रबंधावर लटकलेलं होतं. त्यांचा दावा असा होता की त्यांच्या त्या विशिष्ट माळावर, ज्यांच्या चालीची सूत्रं बहुपदी आहेत अशा अखंड मांडण्या आलटून पालटून वापरल्या, की कुठल्याही जागची शेळी कुठल्याही जागी नेता येते. परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते. फक्त व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, राहिली होती.

त्याच दिवसांत गावच्या सोसायटीनं टँकरच्या पाळ्या लावायला सरांना बसवलं. सरांनी अशा पाळ्या लावल्या की कुठल्याही घरापासून सुरू करा, अडणार नाही. गावात नाव झालं. मग एक दिवस टेकडीवरच्या वस्तीतली एक म्हातारी रिकामी घागर घेऊन थेट स्टाफरूमच्या दारात आली. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "पाळ्या लई चांगल्या हायेत म्हनत्यात, मास्तर. आमच्या वस्तीला कंच्याच पाळीत पानी न्हाई." टँकर टेकडीवर चढत नव्हता. म्हणून सरांनी ती वस्ती तूर्त बाजूला ठेवून बाकीच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि मग पाळ्या इतक्या झकास जमल्या की तूर्तचं कायम झालं. सरांचा चेहरा पडला. जन्मभर दुसऱ्यांना गैरसोयीच्या जागेपासून सुरू करायला लावणारा माणूस, आणि हे असं! ते म्हातारीबरोबर वस्तीवर जाऊन आले, आणि आल्यावर त्यांनी प्रबंध काढला.

प्रबंधात मधोमध तसंच एक वाक्य होतं. अमुक राशी तूर्त शून्य नाही असे धरू. तिनं भागायचं होतं ना, म्हणून. ती राशी माळावर एकाच जागी शून्य होती, आणि त्या जागेकडं सर परत वळलेच नव्हते. आता वळले, तर दिसलं की बहुपदी चालीच्या झाडून सगळ्या मांडण्यांत त्या जागेवरचा बाण शून्य लांबीचा. तिथं उभी असलेली शेळी कुठल्याच पाळीत हलणार नव्हती. परीक्षकांना हे दिसलं नव्हतं. मार्गदर्शकांना दिसलं नव्हतं. सर माझ्या कोरड्या प्रयोगशाळेत आले, बेसिनच्या कट्ट्यावर बसले आणि मला समजावून सांगू लागले. मला समजलं, हेच वाईट झालं. मी म्हटलं, सर, शाखेचं काय? ते म्हणाले, "शाखा लई मोठी गोष्ट हाय, मॅडम. पन बिंदू हलत न्हाई." मला इतका संताप आला की मी तोंड फिरवून रिकाम्या परीक्षानळ्या पुसायला लागले.

आणि इकडं सत्काराचा मांडव पडला! तुम्ही म्हणाल, व्हायवाच्या आधी सत्कार कसा? आमच्याकडं सत्काराची तारीख विद्वानाच्या सोयीनं ठरत नाही, पाहुण्यांच्या सोयीनं ठरते. कारखान्याच्या निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत साहेबांना एक मोठा कार्यक्रम हवा होता आणि मोठे पाहुणे नेमके तेव्हाच मोकळे होते. मार्केट यार्डात मोंढा सुनासुना पडलेला, धान्याची आवक नाही, त्यामुळं जागाही मोकळी होती. फलकावर सरांच्या फोटोच्या दुप्पट साहेबांचा फोटो. साहेबांनी सरांना आधी विचारून ठेवलं होतं की तुमचा शोध सोप्या भाषेत काय. सरांनी तेव्हा सांगितलं होतं, कुठूनबी कुठंबी जाता येतं. साहेब भाषणात म्हणाले, हेच मी या तालुक्याच्या रस्त्यांबद्दल केव्हाचा सांगतोय.

शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. फेटा सरांच्या कानावर आला होता. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माईकजवळ गेले, समोरच्या गर्दीत माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी म्हनलं होतं, सगळे बिंदू हलतात. एक बिंदू हलत न्हाई. त्याला सोडून सिद्ध केलं तर ते खोटं हाय." एवढंच. आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की यार्डातली कबुतरं उडाली. भर सभेत, लाऊडस्पीकरवर, फेटा बांधून या माणसानं सांगितलं होतं की माझा प्रबंध चुकलाय, आणि लोक टाळ्या वाजवत होते! साहेबांनी माईक घेतला. म्हणाले, बघा, किती थोर विचार. अख्खी दुनिया इकडची तिकडं झाली तरी आमचे सर म्हणजे न हलणारा बिंदू. पुन्हा टाळ्या. न वाजवणारी मी एकटी. सर माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्यावर इतकी चिडलेली असूनही मला रडू येत होतं.

व्हायवाला सरांनी स्वतःच फळ्यावर जाऊन चूक दाखवली. परीक्षक नाराज झाले. चूक दाखवल्याचं त्यांना काही वाटलं नसतं, पण अहवालात ते आधीच चांगलं म्हणून बसले होते, त्यामुळं चूक त्यांचीही झाली. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. समिती आली, पाहून गेली, आणि विज्ञान शाखा बंद झाली. माझ्या वर्गातल्या काही मुली कला शाखेत गेल्या, काहींची लग्नं उरकली. मी त्यांपैकी दोन लग्नांना गेले होते.

साहेबांनी सरांना कारखान्याच्या विश्रामगृहावर बोलावून घेतलं. साहेब चिडले की तुम्ही-आम्ही सोडून देत. "कामून रे? कुनी इचारलं होतं का तुला?" असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "न्हाई साहेब. म्हनूनच सांगावं लागलं." बदली सिरसाळ्याला झाली, संस्थेच्या अकरावी-बारावीवर. सरांनी फक्त कारखान्याच्या बंद पडलेल्या उपसा सिंचनाची एक मोटार आणि पाइप तेवढे मागून घेतले. साहेबांना वाटलं होतं हा कोर्टात जाईल. एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर त्यांनी लगेच माणसं दिली. मोटार टेकडीच्या पायथ्याशी बसली. टँकर खाली रिकामा व्हायचा आणि पाणी एकटं वर चढायचं. सर सिरसाळ्याला गेले त्याच्या आदल्या दिवशी वस्तीवर पाणी पोचलं. म्हातारीनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं म्हणे. मी बघायला गेले नाही.

मी अबोला धरला होता. तो धरायचा मला पुरेपूर हक्क होता. माझं समायोजन बीडला झालं, भरपूर नळ असलेल्या कॉलेजात, आणि नळ उघडला की मला आमच्या मुली आठवत. सरांनी प्रबंध दुरुस्त करून दिल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. सगळ्या जागा हलतात या निष्कर्षाऐवजी, एक सोडून सगळ्या हलतात, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. गंमत अशी, की पहिला निष्कर्ष चारचौघांसारखा होता, आणि इतक्या गुळगुळीत माळावर एक जागा रुसून बसते, हा मोठा नवलाचा निघाला. पदवी मिळाली. शाखा राहिली नव्हती. आणि सत्कार? एकाच गोष्टीचा दोनदा सत्कार करायची आमच्या संस्थेत पद्धत नाही.

मग बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्तीला आले तेव्हा, एका दुपारी दार वाजलं. दारात सर. सिरसाळ्याहून एस.टी.नं आलेले, स्टँडवरून रिक्षा न करता चालत. केस आता खडूशिवाय पांढरे. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तो बिंदू हलला." अबोला मोडायचं माझ्या अजून मनात नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, कुणी हलवला? परदेशातल्या कुणी गणितींनी. त्यांनी बहुपदीची अटच सोडून दिली होती. चालीचं सूत्र बहुपदी नसेना का, मांडणी अखंड असली म्हणजे झालं. तशा मांडण्या घेतल्या तर ती जागा बाकीच्यांसारखीच निमूट चालायला लागते. मी म्हटलं, म्हणजे तुमचं चुकलं होतं? सर म्हणाले, न्हाई, माझं बी बरोबर आन् त्यांचं बी. बहुपदीनं तो हलत न्हाईच. मी विचारलं, मग तुम्हाला इतका आनंद कशाचा झालाय? दुसऱ्यानं केलंय ना? ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू प्रश्नच त्यांना समजला नाही. मग म्हणाले, "कुनीतरी तिथवर गेलं, मॅडम."

त्या दिवशी ते जेवून गेले. ठेच्यात मीठ कमी असल्याचं सांगून गेले. शाखेबद्दल तेही बोलले नाहीत आणि मीही नाही. माझा राग गेला होता असं नाही. पण मी त्यांना पोचवायला स्टँडपर्यंत चालत गेले, आणि गाडी सुटेपर्यंत थांबले.

ते गेल्याचा निरोप आला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. संस्थेनं शोकसभा ठेवली, त्याच मार्केट यार्डात. जुने साहेब केव्हाच वारले होते. खुर्चीवर त्यांचे चिरंजीव होते. हुबेहूब तसेच बसतात. त्यांनी भाषण केलं. वडिलांच्या कुठल्या तरी जुन्या भाषणातून त्यांना ते वाक्य मिळालं असावं. म्हणाले, असा माणूस होणे नाही, सर म्हणजे न हलणारा बिंदू. लोकांनी माना डोलावल्या.

मी सभेत बोलणारी बाई नाही. पण उठले, पुढं गेले आणि माईक घेतला. म्हटलं, "तो बिंदू हलतो. बहुपदीनं हलत नाही, एवढंच सरांनी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पण तो हलला. सरांनी स्वतः मला घरी येऊन सांगितलं."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. तरी मागून कुणीतरी एक वाजवली, आणि मग अख्खा मांडव वाजवायला लागला. चेअरमननी माझ्याकडं बघून हात जोडले. मी माईक धरून तशीच उभी राहिले आणि समोरच्या एकेका चेहऱ्याकडं बघत गेले, न वाजवणारं कुणी दिसतंय का म्हणून. एवढी माणसं होती. सरांच्या वेळी निदान समोर मी बसले होते.